पेढीचा हिशेब चोख, मग जमाअतीचा का नाही?

रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात आमच्या मोहल्ल्यात दरवर्षी एक प्रसंग घडतो. तरावीहनंतर मशिदीचे खजिनदार उभे राहतात, खिशातून चिठ्ठी काढतात आणि वाचून दाखवतात : एवढे जमा, एवढे खर्च, एवढी शिल्लक. मग विचारतात, "कुणाला काही विचारायचे आहे का?" कुणी काही विचारत नाही. दुआ होते, लोक चपला शोधू लागतात. वर्षभराचा हिशेब दोन मिनिटांत आटोपतो.

ही चिठ्ठी आम्ही स्वतः नऊ वर्षे वाचली आहे. तेव्हा आज जे लिहीत आहोत ते दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी नव्हे. आमच्या हातून जे चुकले ते इतर जमाअतींच्या आणि संस्थांच्या खजिनदारांकडून चुकू नये, एवढाच हेतू आहे.

पहिल्या सफीत बसलेले बहुतेक लोक व्यापारी असतात. ग्रे कापडाचे थान आले की आपण ते मोजून घेतो. मीटरमागे बोटभर कमी भरले तरी डेबिट नोट काढतो. जीएसटीच्या विवरणपत्राला एक दिवस उशीर झाला तर दंड पडतो, म्हणून रात्री जागून काम उरकतो. कारागिराच्या हाजरीचा, सुताच्या कोनाचा, रंगाच्या डब्याचा हिशेब आपल्याकडे असतो. पण तोच माणूस मशीद, मदरसा किंवा शिक्षण संस्थेचा विश्वस्त झाला की म्हणतो, "अल्लाहचे काम आहे, अल्लाह पाहतो आहे." अल्लाह पाहतो आहे यात शंका नाही. पण म्हणूनच वही अधिक चोख हवी की नको?

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. वाणिज्य शाखेचे तोंड आम्ही पाहिले नाही. रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज शिकलो ते वडिलांच्या पेढीवरच्या मुनीमजींकडून. तेव्हा एका गोष्टीची गंमत वाटायची. मराठी वहीतले जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम आणि खुद्द हिशेब हे शब्द आम्हाला शाळेतूनच ओळखीचे होते, कारण ते अरबी-फारसीतून आलेले. कुरआनातील सर्वांत लांब आयत नमाजची नाही, रोज्याची नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे (सूरह अल-बकरा, आयत २८२). ज्या उम्मतला लिहून ठेवण्याची इतकी सविस्तर ताकीद मिळाली, तिच्या संस्थांचे हिशेब चिठ्ठीवर चालावेत, ही शरमेची बाब आहे.

एका प्रामाणिक माणसाची बदनामी

आमच्या आधी जे बुजुर्ग खजिनदार होते, त्यांनी मशिदीच्या पैशातून कधी एक कप चहा घेतला नाही. पैसे ते घरच्या लोखंडी कपाटात वेगवेगळ्या पाकिटांत ठेवत आणि खिशातल्या डायरीत उर्दूत नोंद करत. मोठी रक्कम आली की आपल्याच बचत खात्यात भरत, कारण मशिदीच्या नावाचे खाते कधी उघडलेच नव्हते. एका पहाटे हृदयविकाराने ते गेले. मुलांनी कपाट उघडले तर पाकिटांत रोकड निघाली, पण त्यातली मशिदीची कोणती, दुकानाची कोणती आणि कुणी अमानत म्हणून ठेवलेली कोणती, हे सांगणारा उरला नव्हता. मुले इंग्रजी माध्यमात शिकलेली, त्यांना डायरी वाचता येईना. बँकेतल्या रकमेवर वारसांचा कायदेशीर हक्क, आणि त्यात मोहल्ल्याची वर्गणी.

मुलांनी जे होते ते सगळे जमाअतीच्या हवाली केले. तरीही चाळिसावा होण्याआधी कुजबुज सुरू झाली : "एवढेच होते का?" ज्या माणसाने आयुष्यभर हात स्वच्छ ठेवला, त्याच्या मुलांना मान खाली घालून नमाजला यावे लागले. लबाड माणसाला वही नसलेलीच बरी, कारण तिच्याशिवाय त्याला पकडता येत नाही. अडकतो तो प्रामाणिक माणूस. त्याच्या हातात आपली बाजू मांडायला कागद नसतो. "माझ्यावर विश्वास नाही का?" असे जे विश्वस्त रागाने विचारतात, त्यांनी या घराकडे एकदा पाहावे.

"चाचा, जकातीची शिल्लक किती?"

त्यांच्यानंतर काम आमच्याकडे आले. आम्ही बँकेत संस्थेच्या नावाचे खाते उघडले, पावतीपुस्तके छापली आणि समजलो की झाले. मोहल्ल्यातल्या एका मुलीची कॉलेजची फी संस्थेने जकातीतून भरली होती. बी.कॉम. होऊन ती एका सीएकडे आर्टिकलशिप करू लागली. एकदा आमची वही पाहून तिने विचारले, "चाचा, एकूण शिल्लक साठ हजार दिसते. त्यात जकातीची शिल्लक किती?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

मग तिच्याबरोबर बसून आम्ही वर्षाच्या सगळ्या पावत्या वेगळ्या केल्या. समजायला सोपे जावे म्हणून आकडे पूर्णांकात देत आहोत.

जमा : जकात ३,४०,०००, फितरा ६०,०००, लिल्लाह म्हणजे सर्वसाधारण देणगी १,५०,०००, इमारत दुरुस्तीसाठी २,००,०००. एकूण ७,५०,००० रुपये.

खर्च : गरजूंना मदत व फी १,९०,०००, फितरावाटप ६०,०००, इमाम व मुअज्जिन यांचे पगार, वीज व पाणी २,२०,०००, इमारतीचे काम २,२०,०००. एकूण ६,९०,००० रुपये.

शिल्लक ६०,०००. चिठ्ठीवर वाचायला हा हिशेब उत्तम. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, बँकेची पासबुकही बरोबर. पण प्रत्येक निधी वेगळा मांडला तर काय दिसते? जकात ३,४०,००० आली आणि १,९०,००० वाटली. म्हणजे जकातीचे १,५०,००० शिल्लक असायला हवेत. बँकेत तर साठच हजार. उरलेले ९०,००० गेले कुठे? लिल्लाहच्या खात्यात दीड लाख असताना पगार-विजेवर २,२०,००० खर्च झाले, तिथे ७०,००० कमी पडले. इमारतीच्या कामात २०,००० कमी पडले. हे नव्वद हजार जकातीतून गेले. कुणी चोरी केली नाही, कुणी एक रुपया घरी नेला नाही. पण विधवेच्या हक्काचे पैसे विजेच्या बिलात गेले, आणि ते खजिनदाराला, म्हणजे आम्हालाच, ठाऊक नव्हते.

पुढच्या बैठकीत आम्ही उभे राहून हे सांगितले. त्या रात्री चिठ्ठी धरलेला हात कापत होता. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग कुणी म्हणाले, मसला मुफ्ती साहेबांना विचारा. कुणी म्हणाले, हे सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती. दोघांनी देणे बंद केले. त्यातला एक पुढच्या रमजानला परत आला. नव्वद हजार लिल्लाहच्या वर्गणीतून जकातीच्या खात्यात परत भरायला चौदा महिने लागले. जकात कुठे लागते आणि कुठे नाही, हा निर्णय उलमांचा आहे. त्यात आम्ही पडत नाही. पण जकात किती आली, किती गेली आणि किती उरली, हे सांगणे खजिनदाराचे काम आहे, मुफ्तींचे नव्हे.

हिशेबशास्त्र काय सांगते?

या पद्धतीला हिशेबतज्ज्ञ निधीनिहाय लेखांकन म्हणतात. धंद्याच्या वहीचा प्रश्न एकच असतो : नफा झाला की तोटा? ना-नफा संस्थेच्या वहीचा प्रश्न निराळा आहे : देणाऱ्याने ज्या कामासाठी दिले त्याच कामाला लागले का? म्हणून तिथे पैशाचे निदान तीन प्रकार पाडतात. पहिला, विशिष्ट कामासाठी बांधलेला निधी. दुसरा, कोणत्याही कामाला वापरता येईल असा सर्वसाधारण निधी. तिसरा, मूळ रक्कम जपून फक्त तिचे उत्पन्न वापरायचे असा कायम निधी, ज्याला कॉर्पस म्हणतात. भारतातील सनदी लेखापालांच्या संस्थेने ना-नफा संस्थांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत हा भेद आहे. अमेरिकेच्या लेखामानक मंडळाने २०१६ साली आपले जुने तीन वर्ग दोनवर आणले, पण मुख्य रेघ कायम ठेवली : देणाऱ्याची अट असलेला पैसा आणि अट नसलेला पैसा. बहरीनमध्ये १९९१ साली नोंदवलेल्या 'आओफी' या इस्लामी वित्तसंस्थांच्या मानक संघटनेने जकातीसाठी आणि वक्फसाठी स्वतंत्र लेखामानके काढली आहेत.

आता हे आपल्या भाषेत पाहा. जकात आणि फितरा हा बांधलेला निधी; जकात कुणाला द्यावी याचे आठ वर्ग सूरह अत-तौबामध्ये सांगितले आहेत. लिल्लाह हा सर्वसाधारण निधी. वक्फ म्हणजे मूळ जपून उत्पन्न खर्च करायची मालमत्ता. लेखापाल ज्याला नवे शास्त्र म्हणून शिकवतात, ते आपल्या घरात शेकडो वर्षे आहे. फक्त वहीत उतरलेले नाही.

चिठ्ठीतून काय सुटते?

दुसरी गोष्ट. रोख जमा आणि रोख खर्च एवढाच हिशेब असला तर निम्मे चित्र दिसत नाही. तीन महिन्यांचे विजेचे बिल थकले असेल तर शिल्लक फुगलेली दिसते. मशिदीच्या गाळ्यांचे भाडे कुणी भरले नसेल तर ते येणे कुठेच दिसत नाही. पेढीवर आपण येणे-देणे मांडल्याशिवाय दिवाळीला किंवा मार्चला वही बंद करत नाही. संस्थेलाही जमा-खर्च पत्रकाबरोबर ताळेबंद हवाच.

गाळ्यांचा विषय निघाला म्हणून स्पष्ट बोलतो. मशिदीच्या, दर्ग्याच्या गाळ्यांत बसलेले कोण? आपणच व्यापारी. वडिलांच्या काळचे भाडे आजही देणारे आपणच, आणि तेही थकवणारे आपणच. ज्या दिवशी ताळेबंदात 'भाड्याचे येणे' हा रकाना नावांसह येईल, त्या दिवशी कुणाच्या तोंडाचे पाणी पळेल ते सांगायला नको. चोख हिशेबाला विरोध होतो तो दर वेळी अज्ञानातून होत नाही.

कायद्याच्या नजरेतून

१९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याखाली नोंदलेल्या संस्थेने नियमित हिशेब ठेवणे, दरवर्षी वही बंद करणे आणि लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक आहे. ३१ मार्चला वही बंद केली तर सहा महिन्यांत लेखापरीक्षण पुरे व्हायला हवे. ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रकाचे नमुने नियमांसोबत अनुसूची आठ व नऊ म्हणून दिलेले आहेत. हिशेब सादर करण्यात वारंवार कसूर करणाऱ्या विश्वस्ताला दूर करण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे. विश्वस्त बदलला, कुणी वारला, तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. कितीतरी संस्थांत मरण पावलेले लोक कागदावर अजून विश्वस्त आहेत.

आपली संस्था धर्मादाय आयुक्तांकडे आहे की वक्फ मंडळाकडे, हेही अनेकांना ठाऊक नसते. मुस्लिमाने काढलेला प्रत्येक धर्मादाय न्यास वक्फ असतोच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जे वक्फ आहेत त्यांना १९९५ चा कायदा आणि त्यातील २०१३ व २०२५ च्या दुरुस्त्या लागू होतात. जून २०२५ मध्ये 'उम्मीद' पोर्टल सुरू झाले आणि मालमत्तांचा तपशील भरायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्या दिवसांत जुनी कागदपत्रे शोधत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणारे मुतवल्ली आम्ही पाहिले. कायद्याबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो. ज्यांच्या फायली जागेवर होत्या त्यांचा त्रास निम्मा झाला, हे मात्र कुणी नाकारणार नाही.

आयकराची सवलत घेणाऱ्या संस्थेसाठी नियम आणखी कडक आहेत. २०२२ साली आलेल्या नियमाने अशा संस्थांनी कोणत्या वह्या ठेवायच्या ते ठरवून दिले आणि त्या दहा वर्षे जपायला सांगितले. देणगी कॉर्पससाठी आहे असे देणाऱ्याने स्पष्ट सांगितले असेल तरच ती कॉर्पस धरता येते. खजिनदाराने नंतर मनाने ठरवून चालत नाही. ८०जी प्रमाणपत्र असलेल्या संस्थेला दोन हजारांहून अधिक रोख दिली तर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा म्हणून संमत झाला आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा जुन्या पुस्तकावर विसंबू नये, आपल्या सीएला विचारावे.

दोन नवे धोके सांगतो. दानपेटीवर क्यूआर कोड लावला जातो आणि तो विश्वस्ताच्या स्वतःच्या खात्याचा असतो. वर्षअखेर ती रक्कम त्याच्या नावावर दिसते. आयकर खात्याने विचारले तर तो काय दाखवणार? वर सांगितलेल्या बुजुर्गांचीच चूक, फक्त कपाटाऐवजी मोबाइलमध्ये. दुसरा धोका परदेशी पैशाचा. कोकणातल्या आपल्या भावांचे नातेवाईक आखातात, इंग्लंडात, दक्षिण आफ्रिकेत आहेत. भारतीय नागरिकत्व असलेल्या भावाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याखाली येते. त्या कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेणे गुन्हा आहे. देणारा सख्खा भाऊ असला तरी पासपोर्ट विचारून घ्यावा.

मग करायचे काय?

फार मोठा खर्च नाही. संस्थेच्या नावाचे बँक खाते, दोन विश्वस्तांच्या सहीने चालणारे. जमल्यास जकातीचे खाते वेगळे. पावतीपुस्तकावर जकात, फितरा, लिल्लाह, इमारत, कॉर्पस असे रकाने, आणि खूण देणाऱ्याने स्वतः करावी. प्रत्येक खर्चाला व्हाउचर, मग तो झाडूचा का असेना. जुम्याला पेटी उघडताना तिघांनी मिळून मोजावे आणि तिघांनी सही करावी. कुर्बानीची कातडी, तांदळाची पोती, पंखे, चटया अशा वस्तूंची स्वतंत्र नोंद. जो पैसे घेतो त्याने वही लिहू नये, दुसऱ्याने लिहावी. आणि वर्षाचा हिशेब निधीनिहाय मांडून वजूखान्याशेजारच्या फळ्यावर महिनाभर लावावा, मराठीत आणि उर्दूत.

मोहल्ल्यात आता बी.कॉम. झालेली मुले-मुली आहेत. त्यांना महिन्यातून दोन संध्याकाळी बोलवा. त्यांना मान द्या, आणि त्यांनी प्रश्न विचारला तर 'कालची पोरे' म्हणू नका.

काही लोक म्हणतात, देणारा गुप्त देतो, मग हिशेब उघडा कशाला? देणाऱ्याचे नाव गुप्त राहू द्या. रक्कम आणि तिचा विनियोग गुप्त ठेवायचे कारण नाही. काही म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हण घरच्या अब्रूसाठी ठीक आहे, अमानतीसाठी नाही. आमचे मुनीमजी दुसरी म्हण सांगत : हिसाब जौ-जौ, बख्शिश सौ-सौ. बक्षीस शंभराचे द्या, पण हिशेब जवाच्या दाण्याचाही ठेवा.

हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल एक रिवायत सांगितली जाते. येमेनहून आलेले कापड सर्वांना सारखे वाटले गेले, पण खलिफांच्या अंगावरचा कुर्ता त्या एका तुकड्यात होण्यासारखा नव्हता. एकाने भर सभेत विचारले, हे कापड कुठून आले? खलिफा रागावले नाहीत. मुलाने उठून सांगितले की आपल्या वाट्याचे कापड त्याने वडिलांना दिले होते. आम्ही कापडाचे व्यापारी. हा प्रसंग ऐकताना आमचे लक्ष दर वेळी मीटरच्या हिशेबाकडे जाते. विचारणाऱ्याने मोजले होते आणि उत्तर देणाऱ्याकडे उत्तर होते.

येत्या रमजानमध्ये चिठ्ठी वाचली जाईल. "कुणाला काही विचारायचे आहे का?" असे विचारले जाईल. व्यापारी बांधवांनो, त्या वेळी चपला शोधू नका. अदबीने उभे राहा आणि एवढेच विचारा, "भाईसाहेब, यात जकातीची शिल्लक किती?" उत्तर मिळाले तर खजिनदारांसाठी दुआ करा. नाही मिळाले तर त्यांच्यावर तुटून पडू नका. दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्याशेजारी बसा. आमच्याशेजारी एक मुलगी बसली होती, म्हणून आज हे लिहिता आले.